लेबलावर अक्षर आईचं

«मावशी, मला तीन मुलं. थोरला ११, मधली ८, धाकटा ५ वर्षांचा. नाताळात भावंडांनी एकमेकांना द्यायच्या सहाही भेटी मीच आणते, मीच गुंडाळते, वर नावंही मीच लिहिते. गेल्या वर्षी मधलीने दादासाठी स्वतः कार्ड केलं, तर तो फिदीफिदी हसला. आता ती म्हणते, दादाला काही देणार नाही. यंदा हात आखडता घ्यायचाय, म्हणून म्हटलं घरीच काही करा. थोरला म्हणतो, पहिल्या नाताळात तर सोनं दिलं होतं! चिठ्ठ्या टाकू का? सगळ्यात छान भेटीला बक्षीस ठेवू का?
– दमलेली आई»

अगं दमलेल्या आई,

तुझ्या थोरल्याचं बरोबर आहे. बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस. पण ते देणारे दुरून आलेले पाहुणे होते, सकाळी न्हाणीघरासाठी भांडणारी भावंडं नव्हती. दादाच्या दप्तराची चेन कुठे अडकते, ताईचा खोडरबर सारखा कुठे पडतो, हे पाहुण्यांना कुठून कळणार?

बक्षीस नको. अजिबात नको. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ‘चित्र काढलंस की प्रशस्तिपत्र’ असं आधी कबूल केलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. शिवाय तुझ्या घरात एक जिंकणार आणि दोघं रुसणार.

चिठ्ठ्याही तिघांत जमत नाहीत. स्वतःचं नाव कुणाला येऊ द्यायचं नाही म्हटलं की दोनच जुळण्या उरतात. मला मधली आली म्हणजे मधलीला धाकटा आणि धाकट्याला मी, हे थोरला मिनिटभरात ओळखेल. चार जण असते तर गुपित टिकलं असतं. तेव्हा भेटी सहाच राहू देत, फक्त बारक्या.

आता मधली. तिला आत्ता काही म्हणू नकोस. आधी थोरल्याला बाजूला घे आणि कार्डाचा विषय काढ. ओरडू नकोस, एवढंच सांग: भेट उघडल्यावर त्यात दिसलेली एक गोष्ट मोठ्याने बोलायची. ‘छान आहे’ चालणार नाही. ‘चाक लाल केलंस!’ चालेल. घेणं शिकवावं लागतं गं, देण्यापेक्षा जास्त. त्याने तिची माफी मागितली तर उत्तमच. मग तिला विचार, दादाचं काय मोडलंय, काय हरवलंय? माझ्या भावाने एकदा मला माझंच हरवलेलं पेन कागदात गुंडाळून दिलं होतं. तीन महिने ते त्याच्याच खणात होतं ही गोष्ट वेगळी, पण त्याने त्यात नवी रिफिल घातली होती! मी भांडायचंच विसरले.

थोरला बहिणीसाठी गुप्त लिपीची वही करू शकतो: क च्या जागी ख, ख च्या जागी ग, अशी किल्ली पहिल्या पानावर आणि पुढे तिला उलगडायला पाच-सहा निरोप. आठ वर्षांच्या मुलीला याहून काय हवं? धाकट्याचं चित्र घे आणि त्याचं कोडं कर. चित्र पुठ्ठ्याला चिकटवायचं, वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर वाळू द्यायचं, मग नऊ तुकडे. ओलं असताना कापलंस तर कडांचा कागद सुटतो. कात्री तू चालव, रेघा तो मारेल. झाडाला टांगायला काही हवं असेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी घालून घट्ट मळा, पातळ लाटा, आकार कापा आणि दोरीसाठी भोक वाळायच्या आधीच पाडा. पुढे काही दिवस हवेवर, मधूनमधून उलटत. विकत आणायचंच असेल तर तिघांना सारखेच पैसे दे आणि दुकानात चार पावलं मागे राहा.

थोरल्या दोघांना डिसेंबरच्या सुरुवातीलाच कामाला लाव. धाकट्याला २३ तारखेला. त्याच्या तोंडात तीळ भिजणार नाही.

तुला सगळ्यात कठीण जाईल ते हे: वाकडं झालेलं सरळ करू नकोस. रात्री सगळे झोपल्यावर तुझे हात शिवशिवतील, मला माहीत आहे. डिंकाचे ओघळ तसेच राहू देत.

आणि २५ तारखेला सकाळी आधी भावंडांच्या भेटी, मग तुमच्या. मोठा खोका आधी उघडला की नऊ तुकड्यांचं कोडं सोफ्याखाली जातं. लेबलं त्यांनाच लिहू दे. धाकट्याचं एखादं अक्षर उलटं आलं तरी कुणाकडून आलंय ते कळेल.

तुझी,
मावशी