कारखाना खेळाडूच्या हातात किती द्यायचा?

प्रिय मित्रा,

दुसऱ्या महायुद्धातल्या १९४१ ते ४५ च्या पूर्व आघाडीवरच्या, म्हणजे जर्मनी विरुद्ध सोव्हिएत संघ अशा तुझ्या पटावरच्या खेळाचा मसुदा वाचला. लढाईचे नियम छान बसलेत. संशोधन आणि उत्पादनाच्या प्रकरणात मात्र तू खेळाडूला सगळं रान मोकळं दिलं आहेस: महिन्याचे गुण घ्या, हवे तिथे टाका. असा खेळ चारदा खेळला की सगळ्यांच्या हाती एकच उत्तर लागतं. जर्मन खेळाडू पहिल्याच महिन्यापासून पँथर या जर्मन रणगाड्यावर गुण ओततो आणि १९४२ च्या उन्हाळ्यात पँथर घेऊन उतरतो. पण तसा रणगाडा हवा, हे जर्मनांना टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याशी गाठ पडल्यावर उमगलं. इतिहास ठाऊक असल्याचा फायदा गुण मोजून विकत घेता येता कामा नये.

म्हणून संशोधनाला आधी कारण लाव. टी-३४ शी ठरावीक चकमकी झाल्याशिवाय पँथरचा रकाना उघडूच नये. मग घड्याळ सुरू कर. आराखडा मे १९४२ मध्ये ठरला, उत्पादन जानेवारी १९४३ मध्ये सुरू झालं, आणि जुलैत कुर्स्कच्या लढाईत सुमारे २०० पँथर उतरले. त्यांतले कितीतरी शत्रूचा गोळा लागण्याआधीच यंत्र बिघडून थांबले. काहींच्या इंजिनांनी पेट घेतला. खेळाडूला घाई करू दे, पण जास्तीत जास्त तीन महिन्यांची, आणि तिची किंमत बिघाडात वसूल कर. इतिहासातल्या तारखेला आलेला पँथर सहा बाजूंच्या फाशावर १ ते ३ पडल्यास रस्त्यातच बसतो. घाईच्या दर महिन्यामागे त्यात एक आकडा वाढतो. म्हणजे तीन महिने आधी आणला तर हमखास बसतो, आणि ते बरोबरच आहे. मैदानात दर तीन महिने काढले की एक आकडा कमी.

आता उत्पादन. इथे तुझी खरी चूक अशी की रणगाडा बदलायला काहीच लागत नाही. टी-३४ ची किंमत १९४१ मध्ये सुमारे २,७०,००० रूबल होती, १९४३ मध्ये ती सुमारे १,३५,००० वर आली. कारण मूळ रचना तशीच ठेवून एकेक भाग सोपा केला, नको तो काढून टाकला. टी-३४ ची जागा घेणारा टी-४३ तयार होता, पण त्यासाठी चालू जुळणी मोडावी लागली असती. म्हणून तो बाजूला ठेवला आणि त्याच्या टरेटवरून (तोफेच्या फिरत्या बुरुजावरून) टी-३४-८५ ही टी-३४ ची सुधारित आवृत्ती घडवली.

हे पटावर आणायला प्रत्येक कारखान्याला २ ते १० घरांची पट्टी दे. सोंगटी ज्या घरात, तितके उत्पादन गुण. एकच नमुना चालू ठेवला तर महिन्याला एक घर पुढे. सुधारित आवृत्ती घेतली तर दोन घरं मागे. नवा नमुना घेतला तर थेट २ वर. आता हिशेब बघ: १० वरच्या कारखान्यात सुधारणेने २ आणि १ मिळून ३ गुण बुडतात, नव्या नमुन्याने ८, ७, ६ असे उतरत आठ महिन्यांत ३६. इतकं स्पष्ट दिसलं की बंदीचा नियम लिहावाच लागत नाही. सोंगट्या दर महिन्याला हलव, पण निर्णय तिमाहीतून एकदाच घ्यायला लाव. नाहीतर निम्मी संध्याकाळ कागदावर जाईल.

सोव्हिएत बाजूचा सगळ्यात रसाळ निर्णय तू वगळलास: जर्मन सैन्य जवळ येत असताना कारखाना कधी उचलून मागे न्यायचा? खारकीव्हचा १८३ क्रमांकाचा कारखाना आघाडीपासून दूर, उरल पर्वताच्या भागातल्या निझ्नी तागीलला हलवला. खारकीव्ह २४ ऑक्टोबर १९४१ ला जर्मनांच्या हाती पडलं. उचललेला कारखाना तीन महिने शून्य देईल आणि ३ च्या घरातून पुन्हा सुरू होईल. लवकर उचलला तर शरद ऋतूत, जेव्हा एकेक रणगाडा मोलाचा, तेव्हाच हात रिकामे. उशीर केला तर कारखानाच गेला. इथे खेळाडूला पूर्ण मोकळीक दे. इतिहास ठाऊक असूनही हा निर्णय सोपा होत नाही, कारण शहर कधी पडणार हे पटावरची लढाई ठरवते.

आणखी एक. सगळं एकाच गुणाच्या थैलीत घालू नकोस. १९४४ मध्ये जर्मनीने सुमारे ४०,००० विमानं बांधली, युद्धातली सर्वाधिक. पण त्या मे महिन्यापासून कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर बॉम्ब पडू लागले, आणि विमानं इंधनाविना आणि शिकलेल्या वैमानिकांविना जमिनीवरच राहिली. यंत्र, इंधन, माणूस असे तीन साठे वेगळे ठेव. एकाचे दुसऱ्यात बदलून देऊ नकोस.

चाचणी दोन तऱ्हांनी घे. आधी इतिहासातलेच निर्णय जसेच्या तसे भरून पट्ट्या चालव: टी-३४ चा आकडा १९४२ मध्ये १२,५०० च्या आणि १९४३ मध्ये १५,७०० च्या आसपास यायला हवा. तो येईपर्यंत एका गुणाला किती रणगाडे, हे बदलत राहा. मग इतिहास कोळून प्यायलेला एक खेळाडू बसव आणि एक अगदी नवखा. जाणत्याचं उत्पादन नवख्यापेक्षा पाचव्या हिश्श्याहून जास्त निघालं, तर कुठला तरी रकाना अजून लवकर उघडतो आहे. तो शोध; पट्टीचे आकडे तेवढ्यासाठी बदलू नकोस.

पुढच्या मसुद्यात खारकीव्हचा नियम पहिल्यांदा लिही आणि पट्ट्या हाताने आखून पाठव, मी त्या चालवून बघेन.