नाव कोणाचे, शोध कोणाचा?

प्रश्न : एका वटवाघळाचे शास्त्रीय नाव ‘लॅटिडेन्स सलीमअलीआय थाँगलाँग्या, १९७२’ असे छापलेले वाचले. हे वटवाघूळ डॉ. सलीम अली यांनी शोधले होते का? असल्यास पुढचे नाव कोणाचे? आणि संशोधकाला नव्या प्रजातीला स्वतःचेच नाव देता येते का?

उत्तर : सलीम अली यांनी ते शोधले नव्हते, ज्यांच्या सन्मानार्थ नाव ठेवले, ते सलीम अली, आणि ज्यांनी प्रजातीचे शास्त्रीय वर्णन करून ते नाव प्रथम प्रसिद्ध केले, ते थाँगलाँग्या. या वटवाघळाचा नमुना १९४८ साली तमिळनाडूतील डोंगरांत मिळाला होता. पुढे दोन तपे तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात एका नेहमीच्या फळखाऊ वटवाघळाच्या नावाखाली पडून राहिला. थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थाँगलाँग्या यांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा ही प्रजातीच नव्हे, तर तिच्या लगेच वरचा गट, म्हणजे जीनस (नावातला पहिला शब्द), हाही नवा असल्याचे त्यांच्या लक्षात आले. ‘लॅटिडेन्स’ म्हणजे रुंद दातांचा. संग्रहालयातील जुन्या चिठ्ठीवर विसंबून न राहता नमुना पुन्हा हाती घेणारा माणूस मला रानात फिरणाऱ्याइतकाच मोलाचा वाटतो.

‘सलीमअलीआय’मधील शेवटचा ‘आय’ हा लॅटिन षष्ठीचा प्रत्यय असून त्याचा अर्थ ‘सलीम अलींचे’ असा होतो. मूळ नावाच्या शेवटीही तेच अक्षर असल्याने रोमन लिपीत ते दोनदा येते. स्त्रीच्या सन्मानार्थ नाव ठेवताना प्रत्यय बदलतो. प्रजाती पुढे दुसऱ्या जीनसमध्ये हलवली गेली, तर वर्णनकर्त्याचे नाव आणि वर्ष कंसात लिहितात. इथे कंस नाही, म्हणजे जीनस पहिल्यापासून तोच आहे.

स्वतःचे नाव देण्यास प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत थेट मनाई नाही, परंतु ते अशोभनीय मानले जाते आणि ते योग्यच आहे, कारण सन्मान हा दुसऱ्याने करायचा असतो. थाँगलाँग्यांच्या वाट्याला तो आला, पण उशिरा. थायलंडमधील गुहांत त्यांना जेमतेम २ ग्रॅम वजनाचे एक वटवाघूळ मिळाले होते. त्याचे वर्णन होण्याआधीच त्यांचे निधन झाले. १९७४ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड्स हिल यांनी ते वर्णन पूर्ण केले आणि प्रजातीचे नाव ठेवले ‘थाँगलाँग्याआय’.