सांधा दुखतो म्हणजे नेमके काय होते?

पावसाळा सुरू झाला की सांधेदुखीची पत्रे वाढतात, हा या सदराचा दरवर्षीचा अनुभव आहे. पावसाने सांधे खरोखरच अधिक दुखतात का, असेही एका वाचकाने विचारले आहे. त्याचे उत्तर शेवटी दिले आहे. आपल्याकडे या सगळ्या दुखण्यांना ‘संधिवात’ हा एकच शब्द पुरतो आणि माझ्या मते निम्मा घोटाळा तिथेच होतो. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय ६१ आहे. उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो. एक्स-रेत ‘गॅप कमी झाली’ आणि एमआरआयमध्ये ‘मेनिस्कस फाटला’ असे आले आहे. एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून गुडघा ‘साफ’ करून घ्यायला सांगितले, दुसऱ्यांनी दर तीन महिन्यांनी स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले. माझ्या जाऊबाईंचा एक्स-रे माझ्याहून वाईट आहे, तरी त्या यंदा वारीला चालत जाऊन आल्या. हे कसे काय? आणि ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा उपयोग होतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : जाऊबाईंचे उदाहरण आपण तक्रारीच्या सुरात दिले असले, तरी आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची नोंद तीच आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात वेदना वाहून नेणारे मज्जातंतू नसतातच. त्यामुळे कूर्चा झिजते तेव्हा ती स्वतः दुखत नाही. दुखते ते सांध्याचे आतले अस्तर, कूर्चेखालचे हाड, भोवतालचे आवरण आणि अस्थिबंध. एक्स-रेत दिसणारी ‘गॅप’ ही मुख्यतः कूर्चेची जागा असते, आणि अस्तराला सूज आहे की नाही हे त्या चित्रावरून कळत नाही. म्हणूनच कमी झिजलेला गुडघा माणसाला जिना चढू देत नाही आणि अधिक झिजलेला गुडघा पंढरपूर गाठतो.

एमआरआयचेही तसेच आहे. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातील दोन हाडांमधली कूर्चेची गादी. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ रहिवाशांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढण्यात आले. ही माणसे दवाखान्यात आलेले रुग्ण नव्हती, गावातून सरसकट निवडलेली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ज्यांचा मेनिस्कस फाटलेला दिसला, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्याभरात गुडघ्यात ना वेदना होती ना आखडलेपणा. तेव्हा आपला मेनिस्कस फाटलेला असेल, परंतु आपण दुखण्याने बेजार आहात त्याचे कारण तोच आहे, असे त्या अहवालावरून ठरत नाही.

‘साफ करण्याच्या’ शस्त्रक्रियेची परीक्षा फार धाडसी पद्धतीने झालेली आहे. ह्यूस्टन येथे गुडघ्याची झीज झालेल्या १८० रुग्णांचे तीन गट केले गेले. एका गटाचा सांधा धुतला, दुसऱ्याचा खरवडून साफ केला आणि तिसऱ्याच्या त्वचेवर फक्त छेद देऊन टाके घातले. कोणत्या गटात आपण आहोत हे रुग्णांना ठाऊक नव्हते. २००२ साली निकाल आला, तेव्हा दोन वर्षांच्या पाहणीत तिन्ही गटांत काहीच फरक आढळला नाही. पुढे २०१३ साली फिनलंडमधील शल्यचिकित्सकांनी नेमका फाटलेल्या मेनिस्कसचा प्रश्न घेतला; १४६ रुग्णांपैकी काहींचा फाटका भाग कापला, काहींवर शस्त्रक्रियेचे नुसते सोंग केले, आणि वर्षभराने दोन्ही गट सारखेच बरे होते. खेळताना दुखापत होऊन एखाद्या तरुणाचा गुडघा अडकून बसला असेल, तर ती गोष्ट निराळी. आपल्या वयात आणि आपल्या अहवालांवरून मी ही शस्त्रक्रिया सुचवणार नाही.

इंजेक्शनाबद्दल थोडे अधिक सांगावे लागेल. गुडघ्यात एकाएकी पाणी होऊन तो फुगला असेल, तर एखाद्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम मिळतो आणि तेवढ्यापुरते ते योग्यही आहे. परंतु दर तीन महिन्यांनी असे दोन वर्षे स्टेरॉइड दिले, तेव्हा काय झाले हे २०१७ सालच्या १४० रुग्णांवरील एका अमेरिकी अभ्यासात दिसले : मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांच्या तुलनेत वेदना कमी झाली नाहीच, उलट कूर्चा अधिक पातळ झाली. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांविषयी आपण शेवटी विचारले आहे. १,५८३ रुग्णांवरील २००६ सालच्या चाचणीत त्या एकूण रुग्णांत बनावट गोळ्यांहून सरस ठरल्या नाहीत, तेव्हा तो खर्च टाळला तरी चालेल.

वेदना थांबली म्हणजे सांधा वाचला, ही आपल्या सर्वांच्या मनातील समजूत किती फसवी आहे, हे टॅनेझुमॅब नावाच्या औषधाने दाखवून दिले. मज्जातंतूंची वाढ घडवणारे आणि वेदनेचा संदेश तीव्र करणारे एक प्रथिन शरीरात असते. त्याला अडवणारे हे प्रतिपिंड. गुडघेदुखी त्याने कमी होत असे, याबद्दल वाद नव्हता. परंतु काही रुग्णांचे सांधे झपाट्याने ढासळले, त्यामुळे २०१० साली चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या, कमी मात्रा वापरली गेली, तरीही तो धोका पुरता टळला नाही. २०२१ साली अमेरिकी औषध नियामकांच्या सल्लागारांनी १९ विरुद्ध १ मतांनी प्रतिकूल कौल दिला आणि त्याच वर्षी कंपन्यांनी औषधाचा नाद सोडला.

मग करावे काय? मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, तेही फिजिओथेरपिस्टकडून शिकून निदान तीन महिने नेमाने. वजन जास्त असेल तर ते उतरवणे : चालताना गुडघ्यावर पडणारा भार वजन एक किलोने घटले तर दर पावलाला सुमारे चार किलोने घटतो, असे मोजमाप झालेले आहे. ठणका वाढेल तेव्हा गुडघ्यावर लावायचे वेदनाशामक मलम आधी वापरावे, गोळी नंतर. दीर्घकाळ घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब या तिन्हींना त्रास देतात. (डायक्लोफिनॅक हे असेच एक वेदनाशामक दिलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन आपल्याकडची गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली आणि २००६ साली पशुवैद्यकातील त्याच्या वापरावर बंदी आली, हे अनेकांना आठवत असेल. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. पण ही गोळी चण्या-फुटाण्यासारखी खाण्याची नाही, एवढे त्यावरून ध्यानात राहावे.)

प्रश्न : माझ्या मुलीचे वय २६ आहे. चार महिन्यांपासून सकाळी उठल्यावर तिच्या दोन्ही हातांची बोटे दीड-दोन तास आखडलेली असतात, सांधे सुजतात, अंगठी निघत नाही. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह आहेत. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिले. इंटरनेटवर पाहिले तर ते कर्करोगाचे औषध निघाले! तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. लग्न होईपर्यंत नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर थांबले तर चालेल का? (एक आई, नाशिक)

उत्तर : नाही, थांबू नये. आपले बाकीचे पत्र मी दोनदा वाचले आणि आपली काळजी समजते, म्हणूनच इतक्या स्पष्टपणे लिहितो आहे.

वरच्या पत्रातील गुडघा आणि आपल्या मुलीची बोटे यांना लोक एकाच नावाने ओळखत असले, तरी हे दोन निरनिराळे आजार आहेत. मुलीला जो आहे त्याला आमवात म्हणतात. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते, अस्तर जाड होऊन सुजते आणि कूर्चा व हाड कुरतडू लागते. झिजेच्या गुडघ्यातही सकाळी थोडा आखडलेपणा असतो, पण तो बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. दीड-दोन तास टिकणारा आखडलेपणा आणि दोन्ही हातांच्या लहान सांध्यांची सूज हे आमवाताचेच बोलणे असते. वेदनाशामक गोळीने ठणका कमी होईल, परंतु कुरतडणे थांबणार नाही, आणि एकदा कुरतडलेले हाड पूर्ववत होत नाही. पहिले काही महिने म्हणूनच सर्वांत मोलाचे असतात.

मेथोट्रेक्सेट कर्करोगात वापरतात हे खरे आहे. त्या कुळातील औषधे १९४० च्या दशकात अमेरिकेतील ज्या प्रयोगशाळेत तयार झाली, तिथल्या संशोधनाचे प्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातून गेलेले शास्त्रज्ञ होते. मात्र कर्करोगात ही मात्रा हजारो मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते, तर आमवातात ती आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम असते. ‘आठवड्याला’ हा शब्द कृपया अधोरेखित करावा. ही गोळी रोज घ्यायची नसते. चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. एक वार ठरवून तो कागदावर अक्षरी लिहून घ्या, फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी द्या, आणि रक्तपेशी व यकृत यांच्या तपासण्या चुकवू नका.

लग्नाबद्दल : या आजारात विवाह आणि मातृत्व दोन्ही शक्य आहेत. मात्र गर्भ राहण्याच्या आधीच, डॉक्टर सांगतील तितके महिने, मेथोट्रेक्सेट बंद करावे लागते, कारण त्याने गर्भाला अपाय होतो. तोवर गर्भनिरोधन काटेकोर हवे. त्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा सल्फासॅलाझिन यांसारखी औषधे चालू ठेवता येतात. गरोदरपणात अनेक स्त्रियांचा आमवात आपोआप ओसरतो, हे एक आश्चर्यच आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी हेच टिपले, काविळीतही तसेच घडते हे पाहिले, आणि शरीरातच सूज ओसरवणारे काही द्रव्य असले पाहिजे असा तर्क केला. सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन टोचण्यात आले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली हेंच यांना नोबेल मिळाले, आणि कॉर्टिसोनचे दुष्परिणामही तोवर समोर येऊ लागले होते. आपल्याकडे बिननावाच्या ‘वाताच्या पुड्यां’नी जो झटपट गुण येतो, त्यामागे कित्येकदा हेच स्टेरॉइड मिसळलेले असते.

या औषधांनी पुरेसा आराम पडला नाही, तर टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शने आहेत. लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी ती वाट १९९० च्या दशकात खुली केली. ती सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी करतात, कारण या औषधांनी दबलेला क्षय उसळू शकतो. आपल्या देशात ही तपासणी टाळणे म्हणजे निखाऱ्यावर फुंकर घालणे होय.

प्रश्न : चिकनगुनिया होऊन अडीच महिने झाले, ताप तीन दिवसांत गेला, पण घोटे आणि मनगटे अजून दुखतात. माझी आई सांगत असे की १९७३ साली बार्शीत अशीच साथ आली होती. विषाणू अंगात राहिला आहे का? मलेरियाच्या गोळ्यांनी गुण येतो असे ऐकतो. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आपल्या आईंची आठवण बरोबर आहे, १९७३ ची बार्शीची साथ वैद्यकीय नोंदींत आहे. त्यानंतर हा आजार देशातून जवळपास दिसेनासा झाला आणि २००६ साली परतला, तेव्हा एका वर्षात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. जुन्या साथींतील विषाणू आशियाई प्रकारचा होता, २००६ चा आफ्रिकी प्रकारचा.

विषाणू सांध्यात राहतो का, यावर संशोधकांत एकमत नाही. रियुनियन बेटावरील एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात १८ महिन्यांनंतरही विषाणूचे अंश सापडले; उलट कोलंबियातील ३८ रुग्णांच्या सांध्यातील द्रवात, संसर्गानंतर सुमारे २२ महिन्यांनी, तो सापडलाच नाही. माझा कल असा आहे की बहुतेकांत विषाणू निघून जातो आणि चेतवलेली प्रतिकारशक्ती शांत व्हायला वेळ घेते. क्लोरोक्विन या मलेरियाच्या गोळीविषयीची समजूत मात्र तपासली गेली आहे, आणि तीही पुण्यात : डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुरुवातीच्या काळात रेंगाळणाऱ्या दुखण्यावर क्लोरोक्विन हे मेलॉक्सिकॅम या साध्या वेदनाशामकाहून सरस ठरले नाही. बहुतेकांचे दुखणे महिन्यागणिक उतरत जाते. तीन महिन्यांनंतरही सांधा डोळ्यांना सुजलेला दिसत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवून अँटी-सीसीपी करून घ्यावी. चिकनगुनियाच्या निमित्ताने आमवात उघडा पडल्याचे कधी कधी आढळते.

प्रश्न : तपासणीत युरिक ॲसिड ७.६ आले. दुखत काही नाही. तूरडाळ, पालक, टोमॅटो सोडले आहेत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : डाळ पुन्हा सुरू करा. सत्तेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांवरील २००४ सालच्या अमेरिकी पाहणीत गाऊटचा (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या दुखण्याचा) धोका मांस आणि मासळीने वाढला, डाळी व भाज्यांनी नाही, आणि दुधाच्या पदार्थांनी तर तो घटला. बिअर मात्र सोडावी. पायाचा अंगठा कधीच लालबुंद होऊन सुजला नसेल आणि मूतखड्याचा त्रासही नसेल, तर केवळ आकड्यासाठी गोळी घेण्याची गरज सहसा नसते.

प्रश्न : पाऊस आला की सांधे दुखतात, हे खरे की मनाचे खेळ? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या १ कोटी १६ लाख वैद्यकीय भेटी तपासल्या, तेव्हा पावसाच्या दिवशी सांधेदुखी वा पाठदुखीच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या नाहीत. पण सांधा दुखला म्हणून कोणी भर पावसात त्याच दिवशी दवाखान्यात जात नाही, हा त्या पाहणीचा दुबळेपणा. ब्रिटनमध्ये २,६५८ जणांनी मोबाइलवर दररोज आपले दुखणे नोंदवले. २०१९ साली निष्कर्ष निघाला की दमट हवा, कमी दाब आणि जोराचा वारा यांच्याशी वेदनेचा थोडा संबंध आहे. किती थोडा? एरवी शंभरातले पाच दिवस दुखण्याचे असतील, तर तशा हवेत सहा. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा तशीच असते, हे मात्र ब्रिटनच्या हिशेबात धरलेले नाही.