आजी बाहेरच का वाकली?

प्रिय ईरा,

काल आजीनं पंढरपुरातून व्हिडिओ कॉल केला तेव्हा तू विचारलंस, "देव आत आहे ना? मग आजी बाहेरच डोकं का टेकवतेय?" मी कामावर निघालो होतो, 'नंतर सांगतो' म्हणालो. पण प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही.

आजी वाकली ती चोखोबांच्या समाधीपाशी. चोखामेळा चौदाव्या शतकातले, मंगळवेढ्याचे, जातीनं महार. विठ्ठलावर जीव ओवाळून टाकणारे. त्यांनी अभंग रचले, पण देवळात पाऊल टाकायची त्यांना बंदी. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते त्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असं सांगतात. म्हणजे गेल्यावरही चोखोबा दाराबाहेरच.

वारीत भेटलेला प्रत्येक जण 'माउली' असतो. तू आठ वर्षांची, तरी सत्तरीचे आजोबा तुझ्या पाया पडतील आणि तू त्यांच्या. मी लहानपणी आळंदीला हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लाजून आईच्या पदराआड लपलो होतो. इतकी सुंदर रीत ज्यांच्याकडे होती, त्यांच्यातल्याच कितीतरी वारकऱ्यांना सहाशे वर्षं कळसाचं दर्शन घेऊन परत फिरावं लागलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

दार उघडलं १९४७ साली. साने गुरुजी आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरले, गावोगावी सभा घेतल्या, आणि १ मे रोजी पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. गुरुजी श्रद्धाळू होते आणि त्यांना विरोध करणारेही विठ्ठलाचेच भक्त. दहा दिवसांनी बडवे, म्हणजे मंदिराचे वंशपरंपरागत पुजारी, कबूल झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

सगळ्यांनी वाट पाहिली नाही, हेही तुला माहीत हवं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू केला. काही वर्षं तो चालला, दार उघडलं नाही. १९५६ साली नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. माणूस म्हणून मान मिळत नसेल तर तो धर्म सोडायचा, हा त्यांचा निर्णय मला पूर्ण पटतो.

पंढरपुरातही पुढे बदल होत राहिले. २०१४ मध्ये मंदिर समितीनं पुजारी होण्यासाठी स्त्रियांकडून आणि सर्व जातींच्या लोकांकडून अर्ज मागवले.

आता आजीचं. तुझे पणजोबा दरवर्षी वारीला जायचे. त्यांना दारात कुणी कधी अडवलं नाही, आणि आपल्या मागे कुणाला अडवलं हे त्यांनी मागे वळून कधी पाहिलं नाही. म्हातारपणी एकदा ते आजीशी याबद्दल बोलले होते. तेव्हापासून ती आधी चोखोबांपाशी थांबते, मग रांगेत उभी राहते. काय बोलले होते, ते तूच तिला विचार. रविवारी ती घरी पोचलेली असेल.

तुझा,
बाबा