तीस किलो गाजरं, दोन माणसं

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक, तासगावचा. घरामागे दहा बाय चारचे तीन वाफे आहेत. यंदा ऑक्टोबरात हौसेने लाल गाजराचं अख्खं पाकीट तिन्ही वाफ्यांत पेरून टाकलं. परवा एक वाफा उपटला, तर दहा किलोच्या वर गाजरं निघाली. दोन वाफे अजून उभे आहेत. घरात आम्ही दोघंच. दोनदा हलवा झाला, शेजारीपाजारी वाटूनही झाला. आता मी ‘हलवा’ म्हटलं की मंडळी नुसतं माझ्याकडे बघतात. काही गाजरं फुटली आहेत, काहींना दोन-दोन पाय फुटलेत, काही आतून लाकडासारखी आहेत. फ्रिज लहान आहे. काय करावं?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : गुरुजी, वहिनींचं बघणं रास्त आहे. किलोभर गाजराला लिटरभर दूध, पाव किलो साखर आणि तासभर गॅस. तीस किलोचा हिशेब तुम्हीच फळ्यावर मांडा. नुसती साखरच साडेसात किलो होते. हलवा हा सणाचा पदार्थ, पीक संपवायचा उपाय नव्हे.

मी साताऱ्यात बावीस वर्षं खानावळ चालवली. थंडीत गाजर उतरलं की पोत्याने घ्यायचे, आणि पोतं आलं की विळीला हात लावायच्या आधी तीन पाट्या मांडायचे. एकीत फुटकी-तुटकी, दुसरीत जून, तिसरीत धड. तुम्हीही आधी तेवढंच करा. सगळे जण चांगलं गुळगुळीत गाजर बघून तेच पहिल्यांदा किसायला घेतात आणि फुटकी ‘उद्या बघू’ म्हणून ठेवतात. उद्या ती मऊ पडलेली, परवा काळी. फुटकं आज, जून या आठवड्यात, धड सगळ्यांत शेवटी.

त्याआधी, उभे दोन वाफे उपटू नका. थंडी आहे तोवर गाजराला जमिनीइतका चांगला फ्रिज नाही. रोज लागतील तेवढीच काढा. पाणी मात्र थोडं थोडं आणि नेमाने द्या. माती आठवडाभर सुकवून एकदम भरपूर पाणी सोडलं की गाजर उभं चिरतं, तुमची बहुधा तशीच फुटली असणार. डोकं मातीच्या वर येऊन हिरवं पडत असेल तर मातीची भर द्या. ते हिरवं कडू लागतं, चिरताना कापून टाका. फेब्रुवारीत ऊन चढलं की मात्र थांबू नका, मग ती भराभर जून होतात.

उपटलेल्या गाजराचा पाला तिथेच वाफ्यावर कापा, बोटाच्या पेराएवढं देठ ठेवून. पाला राहिला तर तो गाजरातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत गाजर लुळं पडतं. धुवायचं नाही, माती नुसती झटकायची. मग फ्रिजमध्ये जागा असेल तेवढी सुती कापडात गुंडाळून ठेवा. तीन-चार आठवडे सहज राहतात. बाकीची जुन्या बादलीत, किंचित ओलसर वाळूत, एकाला एक न चिकटता थर लावून घराच्या गार कोपऱ्यात. आमच्याकडे बारा-पंधरा दिवस निघायचे. शेजारी केळी किंवा सफरचंदं ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून जो वायू सुटतो त्याने गाजर कडवट होतं. मी एकदा केळीच्या घडाखाली पाटी ठेवली होती आणि आठवडाभर भाजीवाल्याला बोल लावत बसले होते.

आता फुटकी पाटी. त्यांची कोशिंबीर, रोज. हसू नका, दोन माणसांत रोज तीन गाजरं म्हणजे आठवड्याला सव्वा-दीड किलो गेली. किसणीच्या मोठ्या भोकांनी किसा, बारीक किसलं की लगदा होतो. तीन गाजरांना दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, अर्धं लिंबू, चिमूट साखर, कोथिंबीर. दोन चहाचे चमचे तेलाची फोडणी : मोहरी तडतडली की हिंग, हळद, हिरवी मिरची. मीठ पानं वाढताना घाला, आधी घातलं की ताटात पाणी फिरतं. फोडणी टाळू नका. गाजरातलं कॅरोटिन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागतेच, आपल्या आज्यांनी ते न शिकताच ओळखलं होतं. तुम्ही सांगलीकडचे, तर तुमच्याकडे कर्नाटकी कोसंबरीही घरोघरी ठाऊक असेल. दोन तास भिजवलेली मूठभर मुगाची डाळ आणि ओलं खोबरं त्याच किसात घातलं, की दुपारचं अर्धं जेवण होतं.

दोन पायांची, वाकडी-तिकडी गाजरं चवीला कुठेही कमी नसतात. जमिनीत खडा लागला किंवा शेणखत नीट कुजलेलं नसलं की त्यांना पाय फुटतात. सोलायला ती कटकटीची, म्हणून ती थालीपिठात. दोन वाट्या भाजणीला दीड वाटी किस, एक बारीक कांदा, तिखट, मीठ, ओवा, मूठभर तीळ. किसाला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि त्या पाण्यातच भाजणी भिजवा. वरून पाणी चमच्याचमच्यानेच घालायचं. थालीपीठ मोडतं ते बहुतेक वेळा इथेच, घाईने ओतलेल्या भांडंभर पाण्यात. ओल्या फडक्यावर थापा, मधे भोक, भोकात तेल, झाकण. कडा सुटायला लागल्या की उलटा. लाल गाजराचं थालीपीठ तव्यावर जरा जास्तच काळसर दिसतं. ते करपलेलं नसतं, गाजरातल्या गोडव्याने तसा रंग चढतो. आमच्या खानावळीतली पोरं तीच काळी कड आधी तोडून खायची.

जून गाजर उभं चौकोनी कापलं की मधला पिवळट दांडा सुटा होतो. तो सुरीने काढा. बाहेरचा लाल भाग चार गाजरांचा असेल तर दोन टोमॅटोंबरोबर कुकरला तीन शिट्ट्या. गार झालं की मिक्सरमधून काढून गाळा, वाटीभर नारळाचं दूध, मीठ, गुळाचा खडा. वरून तुपात जिरं, कढीपत्ता, सुकी मिरची. नारळाचं दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, नाही तर सार फाटतं. भातावर हे सार ओतलं की गाजर न खाणारा माणूसही पुन्हा मागतो. दांडे गुरांना घाला.

पाला? कोवळा असेल तर खाता येतो, पण थोडा उग्र आहे. मी तो मेथीसारखा बारीक चिरून, लसणाच्या फोडणीवर परतून, वर डाळीचं पीठ पेरते. एक सांगते, वाफ्याच्या कडेला गाजरगवत उगवलं असेल तर नीट बघून खुडा. त्याची पानं लांबून तशीच दिसतात, म्हणून तर हे नाव पडलं. ते पोटात जाऊ देऊ नका, आणि उघड्या हाताने उपटूही नका, कित्येकांच्या अंगाला खाज सुटते. खात्रीचा पाला हवा असेल तर तो उपटलेल्या गाजराला चिकटलेलाच घ्या.

हलव्याबद्दल न विचारताही एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. साखर सगळ्यांत शेवटी. गाजर दुधात पूर्ण मऊ शिजून दूध आटल्यावरच. माझ्या खानावळीच्या पहिल्या वर्षी संक्रांतीला पाच किलोचा हलवा केला होता. घाईत साखर आधी पडली, आणि मग मी दोन तास ढवळत होते तरी किस मऊ होईना. साखरेत गाजर घट्टच राहतं, हे तेव्हा कळलं. ताटं वाढल्यावर एका पोराने विचारलं, ‘काकू, आज गाजराचा चिवडा आहे का?’ पाचही किलो वाढले, कारण दुसरं गोड नव्हतं.

भोगीला तुम्ही पाव-अर्धा किलो नक्कीच काढलं असेल. पावटा, हरभरा, वांगी, बोरं, तिळाचं कूट आणि गाजर. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणतात खरं, पण एकदा भोगी झाली की ती भाजी आपण वर्षभर विसरतो. संक्रांत उलटून गेली म्हणून ती चुलीवर चढत नाही असं कुठे आहे? शेतात पावटा आहे तोवर आठवड्यातून एकदा करा, बाजरीच्या भाकरीबरोबर.

एक प्रयोग सुचवते, जमला तर ठीक. आमच्या शेजारी दिल्लीकडच्या एक बाई होत्या, त्या थंडीत कांजी करायच्या. त्यांच्याकडे ती काळ्या गाजराची होते, आपण लाल गाजरात बीटाच्या चार फोडी टाकू. अर्धा किलो गाजराचे बोटभर तुकडे, उकळून गार केलेलं दोन लिटर पाणी, दोन मोठे चमचे मोहरीची पूड, दीड चमचा मीठ, थोडं तिखट. काचेच्या बरणीला फडकं बांधून उन्हात ठेवायची, रोज कोरड्या लाकडी चमच्याने ढवळायची. तीन-चार दिवसांत आंबूस, नाकात जाणारी चव आली की फ्रिजमध्ये. माझ्या यजमानांना ती अजिबात आवडली नाही, मला एका पेल्यात आवडली. तुमची गाजराची पुंगी आहे असं समजा. वाजली तर वाजली, नाही तर मोडून खायची. त्या बरणीतल्या फोडी लोणच्यासारख्या लागतात.

आणि पुढच्या ऑक्टोबरात पाकीट एकदम रिकामं करू नका. एक वाफा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुसरा पंधरा दिवसांनी, तिसरा आणखी पंधरा दिवसांनी पेरा. गाजराची रोपं उपटून दुसरीकडे लावता येत नाहीत, तेव्हा बी जिथे हवं तिथेच टाकायचं.

प्रश्न : नातू चौदा महिन्यांचा आहे. गावाहून गाजरं आली म्हणून सून त्याला रोज दोन वेळा गाजराची पेज देते. त्याचे तळहात आणि नाकाचा शेंडा पिवळट दिसतोय. कावीळ तर नसेल?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, डोळ्यांचं पांढरं बघा, उजेडात, खिडकीशी नेऊन. गाजराने पिवळेपणा येतो तो कातडीला, तळहात, तळपाय, नाक इथे. डोळ्यांचं पांढरं पांढरंच राहतं. कावीळ असेल तर डोळे पिवळे होतात, बऱ्याचदा लघवीही गडद होते. डोळे जरासेही पिवळे वाटले, किंवा पोर मलूल असेल, खात नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तसं नसेल तर घाबरू नका. गाजर काही दिवस बाजूला ठेवा, रंग काही आठवड्यांत आपोआप उतरतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगून ठेवा आणि सुनेवर रागवू नका. पेजेत एक दिवस भोपळा, एक दिवस पालक, एक दिवस गाजर असं फिरवत राहा. भोपळाही मात्र रोज नको, त्यातही तोच रंग आहे.

प्रश्न : गाजराचं लोणचं कैरीसारखंच घातलं, पण चौथ्या दिवशी बुडबुडे आणि आठव्या दिवशी वर पांढरी साय. काय चुकलं?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ते लोणचं फेकून द्या, वरची साय काढून खाऊ नका. गाजर कैरी नव्हे. कैरीचा आंबटपणा कैरीच सांभाळते, गाजर गोड आहे, त्याला आंबट बाहेरून द्यावं लागतं. आणि तुमच्याकडची हवा दमट.

पुन्हा घालाल तेव्हा किलोभर गाजराच्या फोडी धुऊन, पुसून, सुती कापडावर उन्हात तीन तास वाळवा. फोड वाकवली की मोडू नये, जराशी लवावी. पंचाहत्तर ग्रॅम मीठ, पन्नास ग्रॅम मोहरीची डाळ, चाळीस ग्रॅम तिखट, दोन चमचे हळद, चमचाभर हिंग, चमचाभर भाजलेल्या मेथीची पूड आणि आठ लिंबांचा रस. दीड वाटी तेल कडकडीत तापवून पूर्ण गार झाल्यावरच ओता. कोमट तेलाने फोडींची वाफ झाकणाला धरते आणि तेच पाणी लोणच्यात पडतं. बरणी फ्रिजमध्ये, महिन्याच्या आत संपवायची. वर्षभराच्या बेगमीचं लोणचं गाजराचं होत नाही, निदान माझं तरी कधी झालं नाही. चमचा कोरडा, आणि तो बरणीतच उभा ठेवायचा नाही.