वाचक विचारतात : टोकियोच्या टायमाला बेळगाव

मागच्या अंकात आम्ही १९४३ सालचं एक खोटं कॅलेंडर छापलं होतं. ज्यांचा अंक शेजाऱ्यानं नेला आणि परत दिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जून १९४२ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटाजवळ अमेरिकेशी झालेल्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या, त्या आम्ही बुडू दिल्या नाहीत, आणि तिथनं पुढचं वर्ष रचलं. जानेवारीत सिलोन (आत्ताची श्रीलंका) जपानच्या ताब्यात, मार्चमध्ये मद्रास रिकामं, जूनमध्ये मुंबई बंदरात जहाज यायचं बंद, ऑगस्टात गोव्यातल्या मुरगाव बंदरात जपानी आरमार, डिसेंबरात इंग्रज दिल्लीत बसून वाटाघाटी करालेत. सगळं कल्पनेतलं. पण पत्रं मात्र खरी आली आणि एवढी आली की पोस्टमननं विचारलं, सर काय लकी ड्रॉ काढलाय काय. त्यातली थोडी घेतोय.

खानापूरहून एक वाचक : सर, गोवा पोर्तुगीजांचा आणि पोर्तुगाल तर कुणाच्याच बाजूनं नव्हता. मग जपानी मुरगावात घुसतील कसे? हे जरा ओढूनताणून वाटतंय बगा.

मला पण लिहिताना वाटलं होतं, म्हणून तपासलं. पोर्तुगीजांचा अजून एक मुलूख होता, तिमोर बेटाचा अर्धा भाग. तिथं डिसेंबर १९४१ मध्ये आधी ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य उतरलं, पोर्तुगीज गव्हर्नर नको नको म्हणत असताना, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांच्या मागोमाग जपानी उतरले ते युद्ध संपेपर्यंत हलले नाहीत. चीनच्या किनाऱ्यावरचं पोर्तुगीजांचं मकाव मात्र जपाननं तसंच सोडलं, कारण तिथं उतरून फायदा नव्हता. म्हणजे तटस्थ आहे का नाही हे कुणी बघत नव्हतं, गरज आहे का नाही एवढंच बघत होते.

आणि इंग्रज काय कमी होते? मुरगाव बंदरात १९३९ पासून जर्मन जहाजं आसऱ्याला उभी होती, मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांच्या एका टोळीनं रात्री जाऊन त्यातल्या एकावर हल्ला केला आणि जर्मन खलाशांनी स्वतःच जहाजं पेटवून दिली. हे खऱ्या इतिहासात, आपल्यापासनं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर घडलंय आणि आपल्याकडं अर्ध्या लोकांना माहीत नाही.

तुमचा खरा मुद्दा असा पाहिजे होता की मुरगावातनं ते वर चढले कसे असते. त्याचं उत्तर म्हणजे चढलेच नसते, म्हणून मी त्यांना वर आणलं नाही. मीटरगेजची एक लाईन, कॅसलरॉकचा घाट, बोगद्यांवर बोगदे, दूधसागरचा पूल उडवला की खेळ खल्लास. लोंढ्याच्या प्लॅटफॉर्मवर जपानी सैनिक चहा पितोय हे चित्र मला लई आवडलं असतं, पण जमत नाही.

टिळकवाडीहून कॉलेजचा एक विद्यार्थी : एका व्हिडिओत बघितलं की मिडवे जिंकलं असतं तर अमेरिकेनं हात टेकले असते. मग तुमच्या कॅलेंडरमध्ये जपान डिसेंबरपर्यंत दमलेला का दाखवलाय?

व्हिडिओतलं अर्धं बरोबर आहे. नशीब होतंच. ४ जूनला सकाळी दहा-वीस ते साडेदहाच्या मधे, गॅसवर ठेवलेला चहा उतू जातो तेवढ्या वेळात, आकागी, कागा आणि सोर्यू ह्या तिन्ही नौका पेटल्या, चौथी हिर्यू संध्याकाळी गेली. विमानं थोडी चुकली असती तर सगळं उलटं. पण अमेरिकन तिथं टपून बसले होते ते काय नशिबानं नव्हे. जपानी संदेशात ‘ए-एफ’ नावाच्या जागेवर हल्ला होणार असं सारखं यायचं, ती जागा मिडवेच का हे कळायला त्यांनी मिडवेवरनं उघड्या भाषेत बोंब मारली की आमचं खारं पाणी गोडं करायचं मशीन बिघडलंय, आणि थोड्याच दिवसात जपानी संदेश पकडला, ए-एफला पाण्याची टंचाई. एवढं साधं.

आता उरलेलं अर्धं. चार नौका वाचल्या म्हणून जपानकडं तेल कुठनं येणार? युद्धाआधी जपानचं जवळजवळ ८० टक्के तेल अमेरिकेतनंच यायचं आणि १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं ते बंद केलं, कारण जपान फ्रेंचांच्या इंडोचायनात (आत्ताचे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) शिरला होता. म्हणजे ज्या दुकानातनं रॉकेल आणायचं त्याच दुकानदाराशी मारामारी. मग सुमात्रात पालेंबांगचे तेलकारखाने घेतले, घेतले खरे, पण तेल जपानला न्यायला टँकर जहाजं लागतात, आणि ती अमेरिकन पाणबुड्या एकेक करून बुडवत होत्या. सिलोन घेतलं तर लाईन अजून लांब झाली की! शिवाय लाखो सैनिक चीनमध्ये अडकलेले, ते सोडून येणार कोण.

१९४४ ह्या एका वर्षात अमेरिकेनं ९६ हजारांच्या आसपास विमानं बनवली, जपाननं २८ हजार. अमेरिकेनं युद्धात लिबर्टी नावाची मालवाहू जहाजंच २,७१० बांधली. मिडवे हरल्यावर अमेरिका वर्षभर गप बसली असती हे मी मान्य करतो, म्हणूनच कॅलेंडर एकाच वर्षाचं केलंय. १९४४ चं लिहायला घेतलं असतं तर पुन्हा आहे तिथंच येऊन पोचलो असतो. गोष्टीत एक खिळा हलवायची मुभा असते हो, अख्खं घर उचलून दुसरीकडं ठेवायची नाही.

निपाणीहून एक ताई : आमचे सासरे म्हणायचे, जपान आला असता तर स्वराज्य चार वर्षं आधी मिळालं असतं. तुमच्या कॅलेंडरमध्ये मात्र पानोपानी उपासमार. इंग्रजांचा एवढा पुळका का आलाय तुम्हाला?

ताई, पुळका नाही, आणि सासऱ्यांचं म्हणणं त्या काळात खूप लोकांचं होतं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, इंग्रजांचा एवढा मोठा किल्ला, ८० हजारांवर सैनिक शरण. ८ मार्चला रंगून. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. साहेब पळतोय हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं, आनंद होणारच.

पण जपान जिथं खरंच आला तिथलं बघूया, कल्पना कशाला. आपल्या देशातला एक तुकडा तर जपानकडं होताच, अंदमान, मार्च १९४२ पासनं. नेताजी तिथं डिसेंबर १९४३ मध्ये गेले, तिरंगा फडकवला, बेटांना शहीद आणि स्वराज अशी नावं दिली. कारभार मात्र जपानी आरमाराच्याच हातात राहिला. आणि ते जाऊन महिना व्हायच्या आसपास, ३० जानेवारी १९४४ ला, होमफ्रेगंजला ४४ हिंदी माणसांना हेर म्हणून गोळ्या घातल्या. त्या आधीपासनं सेल्युलर जेलमध्ये आपलीच माणसं डांबलेली, फक्त जेलर बदललेला. हे मी नेताजींना कमी लेखायला सांगत नाही, त्यांच्या हातात तिथं काय होतं आणि काय नव्हतं ते सांगतोय.

ब्रह्मदेशाला जपाननं १ ऑगस्ट १९४३ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच ब्रह्मदेशाचं सैन्य, जपाननंच शिकवलेलं, तिथले पुढारी आंग सान ह्यांच्यासोबत २७ मार्च १९४५ ला जपानवर उलटलं. खरं स्वातंत्र्य मिळालेला माणूस असा उलटतो काय? मलायात जपाननं छापलेल्या नोटांवर केळीचं झाड होतं, लोक त्याला केळीचा पैसाच म्हणायचे, शेवटी त्याची किंमत पण सालीएवढीच राहिली. आणि रबराच्या मळ्यातली तमिळ माणसं सयाम (आत्ताचा थायलंड)-ब्रह्मदेश रेल्वेवर नेली, ४१५ किलोमीटरची लाईन, त्यातली हजारो परत आलीच नाहीत. गांधीजींनी जुलै १९४२ मध्ये ‘हरिजन’मध्ये जपानी लोकांना उघड पत्र लिहिलं, चीनमध्ये जे केलंत ते वाईट केलंत आणि भारतात तुमचं स्वागत होईल ह्या भ्रमात राहू नका. चले जावच्या ठरावाच्या तीन आठवडे आधी, म्हणजे इंग्रजांचा पुळका असलेला माणूस नव्हे हा.

आता उपासमारीचं. ती मी जपानच्या नावावर टाकलेलीच नाही, कॅलेंडर पुन्हा बघा. रंगून गेल्यावर ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. तिकडं बंगालच्या किनाऱ्याला जपानी येतील म्हणून इंग्रजांनी होड्या काढून घेतल्या आणि भात उचललं. जपानी आलेच नाहीत. वादळ, भाववाढ, सरकारचा हलगर्जीपणा सगळं त्यात मिसळलं आणि १९४३ मध्ये साधारण ३० लाख माणसं मेली. मी एवढंच केलं, आरमार आपल्या बाजूच्या समुद्रात आणलं. मग तोच हुकूम मालवणला, वेंगुर्ल्याला, कारवारला निघाला असता. कोकणात होडी काढून घेतली की मासा गेला, मीठ गेलं, आणि घाटावर भात आणणारा माणूस पण गेला. आंबोलीच्या वर बसलेले आपण, आपल्याला काय झळ लागणार असं वाटेल. निपाणीत तंबाखू उत्तम पिकतो ताई, पण तो खाऊन पोट भरत नाही.

बेळगावहून बऱ्याच जणांनी : जपान जिंकला असता तर बेळगाव महाराष्ट्रात गेलं असतं काय?

मला वाटलंच होतं. एकूण सतरा पत्रं हीच.

१९४३ मध्ये आपण मुंबई प्रांतातच होतो, धारवाड, विजापूर, कारवार सगळे एकाच घरात. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव बेळगावच्याच साहित्य संमेलनात झाला तो १९४६ ला, आणि म्हैसूर राज्यात गेलो १ नोव्हेंबर १९५६ ला. माझं कॅलेंडर त्याच्या कितीतरी आधी संपतं. जपानी ॲडमिरल सीमाप्रश्न सोडवेल ही आशा ठेवू नये. एका वाचकानं मात्र माझी चूक पकडलीय, मी जूनच्या पानावर ‘कर्नाटकच्या हद्दीवर’ असं लिहून गेलोय, ते नाव राज्याला १९७३ ला मिळालं. कान पकडतो.

हुक्केरी तालुक्यातनं एक वाचक : आमचे आजोबा मराठा रेजिमेंटमध्ये होते, जपान्यांशी लढलेत असं घरात सांगतात. तुमच्या गोष्टीत त्यांचं काय झालं?

गोष्टीत काय झालं ते मी लिहिलं नाही, आणि लिहिणार पण नाही. खरं काय झालं ते सांगतो. आपल्या बेळगावच्या कॅम्पातनं ट्रेनिंग घेऊन गेलेल्या मराठा पलटणी कुठं कुठं गेल्या, इटलीत, आफ्रिकेत. चौथी बटालियन मणिपूरला होती. मार्च १९४४ मध्ये सांगशाक नावाच्या नागा गावाजवळ पॅराशूट ब्रिगेडबरोबर त्यांनी जपान्यांना चार-पाच दिवस अडवून धरलं, पाणी नाही, खड्डा खणावा तर खाली खडक. त्या दिवसांमुळं इंफाळ-कोहिमाला तयारी करायला वेळ मिळाला असं मानतात. समोरचा जपानी पण उपाशीच होता, तीन आठवड्यांचं अन्न घेऊन निघालेले, बरोबर चालतं रेशन म्हणून गुरं घेतली होती, त्यातली कितीतरी चिंदविन नदीतच वाहून गेली.

आजोबांच्या ट्रंकेत डिस्चार्जचा कागद असेल तर त्यावर पलटणीचा नंबर बघा. चौथी असली तर मला लगेच कळवा, मी स्वतः येतो.

सातवीतला एक मुलगा, गाव लिहिलेलं नाही : कॅलेंडरवर १९४३ च्या खाली २६०३ का लिहिलंय? आणि जपानी आले असते तर शाळेला सुट्टी मिळाली असती का?

त्यांचं साल त्यांच्या पहिल्या सम्राटापासनं मोजायचे, आपल्यापेक्षा ६६० जास्त. सिंगापूरचं नाव त्यांनी बदलून श्योनान केलं, वर्ष २६०२ लावलं, आणि घड्याळ टोकियोचं. ह्या घड्याळाची मजा बघ. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. जानेवारीत आपल्याकडं सात वाजता उजाडतं, म्हणजे त्यांच्या घड्याळात साडेदहा. तुझी शाळा दहाला भरत असेल तर मिट्ट काळोखात, कंदील घेऊन जावं लागलं असतं, आणि वर जपानी भाषेचा तास. सुट्टीचं विसर.