साथीला बसणाऱ्या हातांसाठी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

'ड्रमवाल्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही,' असं तू लिहिलंस. म्हणून जॅझमधला ड्रमवाला बेबी डॉड्स याच्याबद्दल सांगतो.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा हा मुलगा, खरं नाव वॉरन. थोरला भाऊ जॉनी क्लॅरिनेट वाजवायचा. वॉरनला वडील ड्रम घेऊन देईनात. मग त्याने चरबीच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली, आईच्या खुर्चीच्या दांड्या काढून काठ्या केल्या आणि बडवायला बसला. पुढे मिसिसिपी नदीवरच्या बोटींवर फेट मॅरेबलच्या बँडमध्ये तो ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवू लागला. तिथून किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये, आणि त्या बँडबरोबर शिकागोला.

एप्रिल 1923 मध्ये इंडियानातल्या रिचमंडला ऑलिव्हरच्या बँडचं रेकॉर्डिंग झालं. तेव्हा रेकॉर्डिंगला मायक्रोफोन नसायचा. सगळ्यांनी एका कर्ण्यापुढे वाजवायचं आणि आवाजाच्या हादऱ्याने सुई मेणावर खाच पाडणार. मोठ्या ड्रमचा ठोका त्या सुईला झेपायचा नाही. डॉड्सला तिथे बरंचसं वुडब्लॉकवर, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर, भागवावं लागलं. त्या तबकड्यांवरून त्याचं मोल ठरवू नकोस.

त्याचं 1946 चं रेकॉर्डिंग शोध. त्यात तो एकटाच आहे. वाजवतो आणि मधे बोलून समजावतो. बँडमध्ये पुढे वाजणारं वाद्य बदललं की मागे याच्या ड्रमचा नाद बदलायचा. कुणाला स्नेअरवरचा (तारा लावलेल्या छोट्या ड्रमवरचा) दाबलेला रोल, म्हणजे काठ्यांची सलग थरथर, कुणाला रिम, म्हणजे ड्रमची कड, कुणाला झांज. लय सगळ्यांना एकच, पण साथ ज्याची त्याची. मला तरी ही समज वेगापेक्षा फार मोठी वाटते. ड्रमवादक जीन क्रुपा शिकागोत त्याला ऐकत घडला आणि जगभर गाजला. डॉड्सने मात्र 1930 च्या दशकातल्या मंदीच्या वर्षांत भावाच्या टॅक्सीच्या धंद्यात हातभार लावून दिवस काढले. 1949 आणि 1950 मध्ये पक्षाघाताचे झटके आले, तरी जमेल तसा तो वाजवत राहिला. 1959 मध्ये शिकागोतच गेला.

तुझा हात तयार आहे, कान अजून गाण्यात नाही. तालमीच्या रेकॉर्डिंगमध्ये तू फक्त स्वतःला ऐकतेस, हे तुझ्या पत्रावरूनच कळतं. पुढचे काही दिवस फिल्स, म्हणजे ओळींमधल्या मोकळ्या जागा भरणारे तुकडे, बंद ठेव. बासरीवाला सुरू झाला की झांज हलकी कर, ट्रंपेट आला की स्नेअरवर ये. आणि ज्या गाण्याला साथ करतेस, त्याचा अंतरा पाठ कर. रविवारी आलीस की आधी तो मला म्हणून दाखवायचा, काठ्या मग हातात घ्यायच्या.

तुझे सर